सहल कोणाची?

लहान मुलाला बरोबर घेऊन निसर्गदर्शनास निघालेल्या कुटुंबाला जर कोणीं विचारलें कीं, "ही सहल कोणासाठीं?", तर बहुधा उत्तर येईल, "या बाळासाठीं!" उत्तर देणारा खोटें बोलतो असें नाहीं, परंतु त्यानें प्रश्नाचा पुरता विचार केलेला असतो असेंहि नाहीं. हेंच उत्तर आम्हींहि दिलें होतें. तें देतांना आम्हीं आमची स्वतःची फसवणूक कशी करून घेतली हें सांगावें, आणि त्यांतून निघणारा प्रश्न वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गेल्या सप्टेंबरांत पुण्याहून साताऱ्यास व तेथून कास पठारावर जाण्याचा बेत आमच्या घरीं ठरला. मंडळी पांच : आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि दोन वर्षांचा नातू. छायाचित्रणाचा छंद आम्हांस तरुणपणापासून आहे, आणि कास हें या छंदाचें तीर्थक्षेत्रच म्हणावें लागेल. समुद्रसपाटीपासून सुमारें १२०० मीटर उंचीवरील हा जांभ्या खडकाचा सडा; त्यावर मातीचा थर इतका पातळ कीं मोठें झाड तेथें सहसा मूळ धरीत नाहीं. पण पावसाळा सरत आला कीं त्याच कातळावर सोनकी, तेरडा, गेंद, सीतेचीं आसवें अशा इवल्या वनस्पतींचे ताटवे उमलतात. पश्चिम घाटांतील ज्या ३९ स्थळांचा २०१२ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत समावेश केला, त्यांत कासहि आहे.

बेत आखतांना आम्हीं काळजी घेतली नाहीं असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्यानें किंवा त्याच्यासाठीं असलेल्या खास आसनानें सुरक्षित न बसविणें हा दंडनीय अपराध ठरला आहे. म्हणून नातवासाठीं निराळें आसन घेतलें. दर दीड-दोन तासांनीं थांबावयाचें, घाट लागण्यापूर्वीं पोट तुडुंब भरावयाचें नाहीं, मऊ भाताचा डबा व कोरडे कपडे हाताशीं ठेवावयाचे, बंद मोटारींत मुलाला क्षणभरहि एकटें सोडावयाचें नाहीं, अशी दोन पानांची यादी झाली. पठारावर एका दिवशीं किती माणसें सोडावयाचीं यास मर्यादा असल्यामुळें प्रवेशाची नोंदणीहि आधींच केली. त्या यादींत एकच गोष्ट राहून गेली : ही सहल कोणाच्या घड्याळाप्रमाणें चालावयाची, हें आम्हीं कोठेंच लिहिलें नव्हतें.

छायाचित्रकाराचें घड्याळ सूर्याच्या आणि ढगांच्या हातीं असतें. मुलाचें घड्याळ भूक आणि झोंप या दोन कांट्यांवर चालतें. हीं दोन घड्याळें क्वचितच जुळतात. आम्ही पठारावर पोंचलों तेव्हां धुकें इतकें दाट होतें कीं दहा पावलांपलीकडचें दिसेना. दुपारीं एकच्या सुमारास तें एकाएकीं विरलें. ढगांतून गाळून आलेला मऊ उजेड साऱ्या सड्यावर पसरला. नेमका त्याच वेळीं नातू आजीच्या खांद्यावर गाढ झोंपला होता.

सूनबाई म्हणाली, "बाबा, झोंपूं द्या ना त्याला."

आम्ही म्हणालों, "अग, असा उजेड पुन्हां मिळावयाचा नाहीं. मोठेपणीं पाहील तेव्हां त्यालाच आनंद होईल."

मुलाला उठविलें, पायवाटेच्या कडेला फुलांशेजारीं उभें केलें. तो अर्थातच रडूं लागला. चिरंजीवांनीं किल्ल्यांचा जुडगा वाजविला. मूल क्षणभर थांबलें, आणि तेवढ्यांत आम्हीं कळ दाबली. छायाचित्र अप्रतिम आलें आहे. डोळ्यांतील पाण्यामुळें नजरेला जी चमक आली, ती पाहून नातलग म्हणतात, "काय खूष दिसतो आहे हो!" पहिल्या दोघां-तिघांना आम्हीं मान डोलावून रुकार दिला. चौथ्या वेळीं मात्र मन खाऊं लागलें.

येथें एक आक्षेप संभवतो. दोन वर्षांच्या मुलाला यांतलें कांहींच आठवणार नाहीं. मग घटकाभराच्या रडण्याचें एवढें काय मनावर घ्यावयाचें? आक्षेपांतील पहिला भाग खरा आहे. अगदीं लहानपणींच्या या विस्मृतीची चर्चा फ्रॉइडनें १९०५ सालींच केली होती. तिच्या कारणांविषयीं मतभेद असले तरी ती विस्मृति आजचें मानसशास्त्रहि मान्य करतें. पण दुसरा भाग त्यांतून निघत नाहीं. तान्ह्या मुलाला गाइलेलें अंगाईगीत त्याला आठवत नाहीं, म्हणून तें व्यर्थ गेलें असें कोणतीहि आई म्हणणार नाहीं. त्या क्षणीं मुलाला जें सुख झालें तें खरेंच होतें. विसरलेलें सुख जर खरें, तर विसरलेलें दुःख खोटें कसें? स्मृति हा अनुभवाचा दस्तऐवज आहे; दस्तऐवज जळाला म्हणून व्यवहार झालाच नाहीं असें ठरत नाहीं.

उलट, त्या विस्मृतीमुळें आमची जबाबदारी वाढतेच. ज्या दिवसाची आठवण मुलाजवळ नाहीं, त्या दिवसाविषयीं तो पुढें आम्ही जें सांगूं आणि जें दाखवूं तेंच खरें मानणार. म्हणजे त्याच्या आरंभींच्या आयुष्याचे आम्ही विश्वस्त आहों. साक्षीदार दुसरा नाहीं, आणि ज्याची ठेव आहे त्याला हिशेब विचारतां येत नाहीं, अशा ठिकाणींच विश्वस्ताची खरी परीक्षा असते. रडक्या दुपारीं काढलेलें हसरें चित्र "तूं किती मजेंत होतास" असें म्हणून त्याच्या हातीं देणें, हा त्या ठेवींत केलेला अपहार होय. मग त्यामागें प्रेम कितीहि असो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूल झालें म्हणून वडील माणसांनीं सौंदर्य पाहण्याचा हक्क सोडावा काय? मुळींच नाहीं. सदा मन मारून घरीं बसलेले आई-बाप मुलाला आनंदी घर देऊं शकतील असें आम्हांस वाटत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जें आपल्यासाठीं आहे तें आपल्यासाठीं म्हणावें. "हा एक तास माझा, तेवढा वेळ बाळाला तुम्ही सांभाळा" असें म्हणण्यांत स्वार्थ असला तरी तो उघडा आहे, आणि उघड्या स्वार्थाला मर्यादा घालतां येते. बाळाच्या नांवावर चालविलेल्या स्वार्थाला ती घालतां येत नाहीं; कारण तो त्यागाचे कपडे घालून येतो. त्या दुपारीं झोंपलेलें मूल आजीकडे ठेवून आम्हीं एकट्यानेंच फुलांचीं चित्रें घेतलीं असतीं, तर उजेडहि मिळाला असता आणि झोंपहि मोडली नसती.

छायाचित्रणाच्या दृष्टीनेंहि आमची घाई शहाणपणाची नव्हती. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनीं एका वस्तुसंग्रहालयांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. संपूर्ण वस्तूचें छायाचित्र घेणाऱ्यांना ती वस्तु, नुसती पाहिलेल्या वस्तूपेक्षां, कमी आठवली. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर भिंग रोखून चित्र घेतलें तेव्हां ही हानि दिसली नाहीं. म्हणजे दोष यंत्राचा नसून उडत्या लक्षाचा असावा. त्याच दिवशीं रडें थांबल्यावर नातू वाटेवर उकिडवा बसला आणि सीतेच्या आसवांचें एक निळें-जांभळें फूल वाऱ्यानें हलतांना पाहत राहिला. वीतभर उंचीची ही वनस्पति ओलसर मातींतील आपल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून त्यांवर पोसते. हें ज्ञान आम्हांस होतें, त्याला नव्हतें. परंतु तें फूल त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर होतें, आणि त्याला दुसरीकडे कोठें जावयाचें नव्हतें. आम्हांस मात्र पुढच्या चित्राची घाई होती.

याच पठारावरील टोपली कारवी दरवर्षीं भरभरून फुलत नाहीं. तिचा मोठा बहर कित्येक वर्षांनीं एकदां येतो. तो पाहावयास जेव्हां जाऊं तेव्हां नातू बोलता-आठवता झालेला असेल, आणि "आजोबा, मी इथें पूर्वीं आलों होतों का?" असें विचारील. त्या प्रश्नाच्या तयारीसाठीं आम्हीं त्या छायाचित्राची एक प्रत छापून घेतली आहे, आणि तिच्या मागें लिहून ठेविलें आहे : "झोंपेंतून उठविल्यामुळें रडत होता. किल्ल्या वाजविल्या म्हणून क्षणभर थांबला. चूक आजोबांची. नंतर बराच वेळ एक फूल पाहत बसला होता. त्याचें चित्र काढलेलें नाहीं."