मूर्ख कोण, हे ठरवण्याआधी

नीतिसूत्रांचे अध्याय एकतीस आणि मोठ्या महिन्याचे दिवसही एकतीस, त्यामुळे रोज एक अध्याय वाचण्याची पद्धत आपल्या मंडळ्यांमध्ये चांगलीच रुळली आहे. त्यात गैर काही नाही. मुलांना पाठांतराला द्यायला इतके सोपे आणि इतके उपयोगी पुस्तक पवित्र शास्त्रात दुसरे क्वचितच सापडेल. पण अलीकडे या पुस्तकाचे जे चालले आहे ते पाहून गप्प बसवत नाही. आशीर्वाद सभांच्या व्यासपीठावरून, सकाळी मोबाइलवर येणाऱ्या फुलापानांच्या चित्रांवरून आणि आता रविवारच्या उपदेशातूनही नीतिसूत्रे म्हणजे यशाची किल्ली झाली आहेत. शहाणा भरभराटीला येतो, मूर्ख धुळीला मिळतो, दुर्जनाचे घर टिकत नाही, असे ऐकवले जाते. पुस्तकात हे सारे आहेच. पण ऐकणारा तिथे थांबत नाही. ज्याचे बरे चालले आहे तो शहाणा, आणि ज्याचे बिघडले तो कुठेतरी चुकला असणार, अशी पुढची पायरी तो मनातल्या मनात चढतो. वक्ता ती पायरी सहसा उच्चारत नाही, पण तिच्यापर्यंत माणसांना नेऊन मात्र सोडतो. माझे भांडण त्या पायरीशी आहे.

इतर काही मते आहेत, त्यांच्यावर फार शाई खर्च करायची गरज नाही. बाविसाव्या अध्यायाच्या मध्यापासूनची काही वचने इजिप्तच्या आमेनेमोपेच्या उपदेशाशी जुळतात, हे अभ्यासकांना १९२०च्या दशकापासून ठाऊक आहे. त्यामुळे वचनांचे मोल उतरते असे ज्यांना वाटते, त्यांनी देव इजिप्तच्या माणसाला काही शिकवू शकत नाही असे आधीच ठरवलेले असते. सगळ्या धर्मांची सुभाषिते शेवटी एकच सांगतात म्हणणाऱ्यांनी कोणतीच सुभाषिते सलग वाचलेली नसतात. ही मते कोणाला इजा करत नाहीत. यशाच्या किल्लीची शिकवण इजा करते, आणि ती गरिबाला आधी करते.

नाशिक जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. तिसऱ्या अध्यायाची ९वी आणि १०वी वचने या सभांमध्ये हमखास येतात. आपल्या धनाने आणि पहिल्या उत्पन्नाने परमेश्वराचा मान राख, म्हणजे तुझी कोठारे भरतील आणि द्राक्षकुंडे नव्या रसाने वाहतील, असा त्यांचा आशय. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात हे वचन ऐकताना माणसाच्या डोळ्यांसमोर स्वतःची बाग उभी राहणारच. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, डाऊनी आणि भुरीवरच्या फवारण्या, मजुरी, औषधांच्या दुकानातली उधारी, आणि मग माल काढणीला आला असताना एका संध्याकाळी पंधरा मिनिटांची गारपीट. मणी तडकतात, घड झोडपले जातात. बांधापलीकडची बाग मात्र वाचते. आता ज्याची बाग गेली त्याने पहिल्या उत्पन्नात कसूर केली होती, आणि ज्याची वाचली त्याने केली नव्हती, असे म्हणायचे का? सभेत शिकवले तेच खरे मानायचे तर तसेच म्हणावे लागेल. विश्वासाचे बी पेरा, म्हणजे अर्पण टाका, असे सांगून गोळा केलेल्या पैशाचा हिशोब कोणी मागत नाही. पीक न आलेल्याच्या विश्वासाचा हिशोब मात्र सगळे मागतात.

आणि हे सांगणारा दहाव्या वचनावर थांबतो. अकराव्या आणि बाराव्यात लगेच परमेश्वराची शिक्षा तुच्छ मानू नकोस, बाप ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच तो शासन करतो, असे येते. कोठारे भरण्याच्या वचनाला खेटूनच प्रीतीतल्या माराचे वचन ठेवलेले आहे. पुढे तेराव्या वचनापासून ज्ञान हे रुप्यासोन्याहून मोलाचे, असे सुरू होते. लेखकाला ज्ञानाने सोने मिळवून द्यायचे असते, तर त्याने ज्ञानाची सोन्याशी अशी तुलना केली नसती. हा क्रम मला आकस्मिक वाटत नाही. तसा वाटणाऱ्यांनी निदान अकरावे वचन मोठ्याने वाचून मग पुढे जावे.

मी कष्टाचे महत्त्व कमी करायला निघालो आहे, असा आरोप होईल. तो बरोबर नाही. आळशी हात दरिद्री करतात, असे हे पुस्तक सांगते. मुंगीकडे जाऊन शीक म्हणते. चोविसाव्या अध्यायाच्या शेवटी आळशाचे शेत दिसते, काटेकुसळे माजलेले, गडगा ढासळलेला, आणि ते पाहणारा मनाशी काही शिकतो. हे सारे मला मान्य आहे, मी ते घरच्या मुलांना शिकवतोही. पण आळशी माणूस गरीब होतो, यावरून गरीब माणूस आळशी असतो असे निघत नाही. पावसाने अंगण ओले होते, म्हणून ओले अंगण दिसले की पाऊस पडला असे कोणी म्हणत नाही. कोणी सडाही टाकला असेल. नीतिसूत्रांचा लेखक हे जाणून आहे. तेराव्या अध्यायाच्या २३व्या वचनात तो गरिबाच्या नांगरलेल्या जमिनीत भरपूर पीक येते असे सांगतो आणि ते अन्यायाने लुटले जाते असे पुढे जोडतो. म्हणजे शेत पिकले, राबणारा राबला, तरी घरात काही नाही. यशाच्या किल्लीत हे वचन कुठे बसते? मी एकाही आशीर्वाद सभेत ते ऐकलेले नाही. अठ्ठाविसाव्या अध्यायात तर श्रीमंत स्वतःला शहाणा समजतो आणि समज असलेला गरीब त्याला आरपार पाहतो, असे स्पष्ट आहे.

मूर्खपणाबद्दल बोलताना आपण लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्यायही विसरतो. तिथे एका माणसाची जमीन भरघोस पिकली. कोठारे पुरेनात म्हणून त्याने ती पाडून मोठी बांधायचे ठरवले. आपल्या सभांत त्याला साक्ष द्यायला पुढे बोलावले असते. ख्रिस्ताच्या दाखल्यात देव त्याला मूर्ख म्हणतो. पीक गेलेल्याला नव्हे, कोठारे भरलेल्याला. नीतिसूत्रांतला मूर्ख आणि लूकमधला मूर्ख ही दोन वेगळी माणसे नाहीत. दोघेही स्वतःच्या मताशीच सल्लामसलत करतात.

मुळात ही वचने कोणाला सांगितली आहेत, हे पाहायला हवे. पहिल्या नऊ अध्यायांत पुन्हा पुन्हा माझ्या मुला अशी हाक येते. तरुण मुलगा दोन वाटांच्या फाट्यावर उभा आहे, एकीकडून ज्ञान बोलावते आहे, दुसरीकडून मूर्खपणा, आणि बाप त्याला पुढचे सांगतो आहे. हा सल्ला आहे. तो अजून न घडलेल्या गोष्टीबद्दल आहे, आणि ज्याला सांगितला त्याच्याच पायांसाठी आहे. निवाड्याचे तसे नसते. तो घडून गेलेल्याबद्दल असतो आणि बहुधा दुसऱ्याबद्दल असतो. तू आळस केलास तर भिकेला लागशील, हा मुलाला दिलेला सल्ला झाला. तेच वाक्य भिकेला लागलेल्या शेजाऱ्याकडे बोट करून म्हटले की त्याचा निवाडा होतो, आणि तेव्हा त्यातला एकही शब्द न बदलता ते खोटे होऊ शकते. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले. त्यांची बरीचशी वाक्ये सुटी काढून नीतिसूत्रांत घातली तर ओळखूही येणार नाहीत. चूक वाक्यांत नव्हती. राखेत बसलेल्या माणसापुढे ती बोलली गेली यात होती, आणि शेवटी परमेश्वर त्यांच्यावरच रागावला. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले तेव्हा ख्रिस्ताने तो प्रश्नच मोडीत काढला.

नीतिसूत्रांनाही हा धोका ठाऊक आहे. सव्विसाव्या अध्यायात मूर्खाच्या तोंडचे सुभाषित म्हणजे झिंगलेल्याच्या हातातला काटा, असे म्हटले आहे. सुभाषित तेच, पण हात बदलला की ते बोचते. त्याच अध्यायात मूर्खाला उत्तर देऊ नको आणि मूर्खाला उत्तर दे, ही दोन वचने एकापाठोपाठ एक ठेवली आहेत, म्हणजे समोर कोण आहे ते पाहूनच वाचणाऱ्याने काय ते ठरवावे. आणि स्वतःच्या दृष्टीने शहाणा असलेल्यापेक्षा मूर्खाबद्दल जास्त आशा आहे, हेही तिथेच आहे.

आपल्या नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासाकडे या नजरेने पाहा. शरणपूर रोडच्या आजच्या गर्दीत फार कोणाला आठवत नाही, पण १८५४ साली विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवलेल्या त्या ख्रिस्ती वसाहतीत गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले वाढली. सुतारकाम, लोहारकाम, वाचन, लेखन ती इथे शिकली. त्यांतल्याच जेकब वेनराइटने १८७३ साली आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंगस्टन याच्या मृत्यूनंतर झाडावर त्याचे नाव कोरले आणि पुढे तो पार्थिवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला. आईबापांपासून तोडून विकल्या गेलेल्या त्या मुलांनी कोणता मूर्खपणा केला होता? दुष्टपणा जहाजाच्या मालकाकडे होता, आणि त्याची कोठारे भरलेली होती. पुढे दुष्काळांच्या काळात पोटासाठी धर्म बदलला म्हणून आपल्याच आजोबा-पणजोबांना हिणवले गेले. उपाशी माणसाच्या स्थितीवरून त्याच्या मनाचा निकाल लावणे किती बोचते, हे ज्या समाजाने सोसले त्यानेच आज तो निकाल व्यासपीठावरून द्यावा, याचा मला संताप येतो.

टिळकांचे काय करायचे? नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि आप्तांना मुकले. हातात आलेला पैसा गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे, हा त्यांचा स्वभाव. १९१७ साली मिशनची पगाराची नोकरीही त्यांनी सोडली, आणि १९१९ साली गेले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये त्या संसाराची ओढाताण लपवलेली नाही. सढळ हाताने देणाऱ्याची वाढ होते, असे अकराव्या अध्यायात आहे, आणि अर्पण गोळा करताना ते हटकून वाचले जाते. टिळकांनी दिले, आणि त्यांच्या घरी पैशाची वाढ झाली नाही. त्या वचनाचा निवाडा केला तर मराठी ख्रिस्ती समाजाने ज्यांची गीते शंभर वर्षे गायली ते मूर्ख ठरतात.

मग निवाडा कधीच करायचा नाही का? करायचा. तो कृतीवर करायचा, स्थितीवर नाही, आणि दुर्जनाबद्दल बोलताना हे पुस्तक बहुतेक तसेच करते. दुर्जन ओळखायचा तो त्याच्या खोट्या तराजूवरून, पदराआडून घेतलेल्या लाचेवरून, खोट्या साक्षीवरून, पोरक्याच्या शेताचा बांध सरकवण्यावरून. धान्य दाबून ठेवणाऱ्याला लोक शाप देतात, असे अकराव्या अध्यायात आहे. माल वाईट, माल वाईट म्हणत भाव पाडून पुढे जाऊन फुशारकी मारणारा गिऱ्हाईक विसाव्यात आहे. लासलगावच्या बाजार समितीत ज्याने कांद्याचा लिलाव पाहिला आहे त्याला तो नव्याने समजावून सांगावा लागणार नाही. मिशनच्या जमिनींचे वाद धर्मादाय आयुक्तांपर्यंत आणि कोर्टापर्यंत जातात, तेव्हा बांधाचे वचन आपल्या मंडळ्यांनाही लागू असते. पण ते वाचले जात नाही. ज्याच्यावर ते वाचायचे तो पुष्कळदा पुढच्या बाकावर असतो, आणि त्याची भरभराट हाच त्याच्या शहाणपणाचा दाखला धरला जातो.

द्राक्षाचा माल उचलायचा, थोडी रक्कम द्यायची आणि उरलेले न देता पसार व्हायचे, असे व्यापारी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना नवे नाहीत. बुडालेला शेतकरी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो. एकतिसाव्या अध्यायात राजा लमुएलाची आई मुलाला सांगते, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तोंड उघड, गरिबाचा न्याय कर. पाळकांनी अशा शेतकऱ्याबरोबर ठाण्यात जावे. आणि ज्याचे देणे थकले आहे अशा माणसाने दशांशाचे पाकीट पुढे केले, तर ते स्वीकारण्याआधी त्याला विचारावे, की यातले पैसे आधी कोणाचे होते. दुर्जनाच्या यज्ञाबद्दल एकविसाव्या अध्यायात जे लिहिले आहे ते त्याला त्याच वेळी वाचून दाखवावे, आणि त्याने शेतकऱ्याचे पैसे चुकते करेपर्यंत ते पाकीट घेऊ नये.