आधी कोणाचे जाळे?

शास्त्रपाठ : योहान १८:१-९



शब्बाथ शाळेत मुलांना चित्रपट दाखवावा की नाही, हा आमच्या इंदूरच्या मंडळीतला जुना वाद आहे. वडीलधाऱ्यांना वाटते की त्यामुळे वचनाकडचे लक्ष उडते. त्यांचे अगदीच चुकते असे आम्ही म्हणत नाही. तरीही पावसाळ्यातल्या एका रविवारी, मुले थोडी आणि पाऊस फार, अशा वेळी आम्ही 'एक अनेक और एकता' हा जेमतेम सात मिनिटांचा चित्रपट लावला.

ज्यांच्या घरी ऐंशीच्या दशकात दूरदर्शन आले, त्यांना तो आठवत असेल. फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली काढलेला हा हालत्या चित्रांचा लघुपट उत्तम शैक्षणिक चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. दिग्दर्शिका होत्या विजया मुळे. मुंबईत १९२१ साली जन्मलेल्या या बाईंनी बालशिक्षणासाठी पुष्कळ वर्षे खपून २०१९ साली डोळे मिटले. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. चित्रे हालती केली भीमसैन यांनी (गायक भीमसेन ते वेगळे). त्यातले सर्वांना पाठ असलेले गीत गाणारी लहान मुलगी म्हणजे दाभोळची साधना, पुढे साधना सरगम म्हणून नावारूपाला आलेली. विजयाबाईंना त्यांच्या माणसांत सारे 'अक्का' म्हणत, हे आम्हाला मोठे गोड वाटते. कारण चित्रपटही एका थोरल्या बहिणीचाच आहे.

धाकटा भाऊ विचारतो की अनेक म्हणजे काय? ताई त्याला गप्प बसवीत नाही. सूर्य, चंद्र, तारे दाखवून समजावते, आणि तेवढ्याने भागेना म्हणून गोष्ट सांगते. दाण्याच्या लोभाने पाखरे जाळ्यात सापडतात. एकेकटीने धडपडून काही होत नाही, तेव्हा सगळी मिळून जाळ्यासकट उडतात. शिकारी मागे धावतो आणि थकतो. पाखरे आपल्या मित्रांकडे, उंदरांकडे उतरतात, आणि उंदीर दातांनी जाळे कुरतडून त्यांना सोडवतात.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, त्या ताईकडून आपण काही घेऊ या. या उपासनेचा अर्थ काय, असे तुमची मुले विचारतील तेव्हा त्यांना सांगा, अशी आज्ञा निर्गम १२:२६ मध्ये आहे. मुले विचारतील हे देवाने गृहीतच धरले आहे. आम्ही मात्र पुष्कळदा पाठाची वेळ संपत आली म्हणून प्रश्न पुढच्या रविवारवर ढकलतो.

त्या दिवशीही तसेच झाले. आम्ही ऐक्यावर चार शब्द बोललो, मुलांना जिरावण घातलेले पोहे दिले, आणि एक आठ वर्षांची मुलगी बशी हातात घेऊन जवळ आली. म्हणाली, "सर, उंदरांनी आधी कोणाचं जाळं कापलं?"

चित्रपटात याचे उत्तर नाही. आम्ही म्हणालो, बघून सांगतो.

त्या मुलीचे घर आम्हाला ठाऊक आहे. ओळख पटू नये म्हणून एवढेच सांगतो की, आजोबांच्या एकाच घराचे दोन भाग झाले आहेत. एकात तिचे वडील राहतात, दुसऱ्यात धाकटे काका, आणि मधे अंगणात भिंत आहे. दोघे भाऊ उपासनेला येतात, पण प्रभुभोजनाच्या वेळी एक पहिल्या रांगेत येतो तर दुसरा शेवटच्या. वाटणीचा दावा कोर्टात आहे. मुलीने प्रश्न पाखरांविषयी विचारला की कोणाविषयी, हे आम्ही तिला विचारले नाही.

उत्तर आम्हाला पंचतंत्रात सापडले. मूळ गोष्ट तिथलीच. तिथे कबुतरांचा राजा चित्रग्रीव आहे आणि उंदीर एकच आहे, हिरण्यक. तो मित्राला पाहताच त्याचेच पाश कापायला धावतो. राजा त्याला थांबवतो. आधी माझ्या या सोबत्यांना मोकळे कर, मग मला, असे तो म्हणतो. उंदराचे दात नाजूक, ते मधेच तुटले तर राजा तसाच अडकून राहायचा. तरीही तो आपला क्रम बदलत नाही.

वाचता वाचता आम्हाला किद्रोन ओढ्यापलीकडची बाग आठवली. कंदील, मशाली आणि शस्त्रे घेऊन लोक आले आहेत. प्रभू स्वतः पुढे होऊन विचारतो की तुम्ही कोणाला शोधता? ते नाव सांगतात. मीच तो, असे म्हटल्यावर ते मागे सरून जमिनीवर पडतात. निसटायचेच असते तर हीच संधी होती. पण तो पुन्हा तोच प्रश्न विचारतो, आणि मग सांगतो की मला शोधत असाल तर यांना जाऊ द्या.

'यांना' म्हणजे कोणाला? त्याच रात्री तीन वेळा नाकारणारा पेत्र त्यांत आहे. बाकीचेही त्याला सोडून पळणार आहेत. चित्रग्रीवाची कबुतरे निदान त्याच्याबरोबर उडाली तरी होती. शिवाय चित्रग्रीव शेवटी सुटला. आपल्या प्रभूचे बंध कोणी कापले नाहीत. त्याला बांधूनच हन्नाकडे नेले.

एकजुटीने उडण्याविषयी आम्ही उपदेश पुष्कळ करतो, आणि तो खोटा नाही. पण पाखरे उडाली तेव्हा जाळे अंगावरच होते. संकटात घरे एकत्र येतात. आजारपणात, मयतीत भाऊ भावाच्या शेजारी उभा राहतो. खरी अडचण येते ती खाली उतरल्यावर. तेव्हा आधी कोण सुटायचे? आधी माझा हिस्सा मोजा, आधी त्याने क्षमा मागावी, असे आपण म्हणतो. क्षमेवर प्रवचन करणारे आम्हीही याला अपवाद नाही. कमिटीतल्या एका सभासदाशी आम्ही स्वतः दोन वर्षे 'जय ख्रिस्त' एवढेच बोलत होतो, तेही त्याने आधी म्हटले तर.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलीला वर्गात सर्वांदेखत उत्तर सांगितले. राजाचे आणि बागेतलेही. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे मोठा शेवटी."

इंदुरात नर्मदेचे पाणी दिवसाआड येते. त्या घराचा नळ थोरल्याच्या अंगणात आहे. त्याची टाकी भरली की उरलेले पाणी धाकट्याला, अशी कित्येक वर्षांची रीत. पावसाळा संपता संपता आम्ही त्या गल्लीतून जात होतो. नळ नुकताच आला होता, थोरल्याची टाकी अजून उघडी, रिकामी होती, आणि हिरवा पाइप भिंतीवरून पलीकडे गेला होता. दावा अजून चालूच आहे.