विश्वास ठेवावा, की मोजून घ्यावं?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

यंदा गुरुपौर्णिमेला पुतण्या घरी आला होता. त्याचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. शेजारी लहानसं गोदाम, आणि शेतावर जाऊन नळ्या जोडून देणारी माणसं. सुरुवातीला तो आणि एक पोरगा असे दोघंच होते, आता नऊ जण कामाला आहेत. चहा झाल्यावर म्हणाला, "काका, तुम्ही अडतीस वर्षं बँकेत काढलीत. मला अजून तीन माणसं घ्यायची आहेत. एक गल्ल्यावर, दोन गोदामात. विश्वासाची माणसं ओळखायची कशी, तेवढं सांगा."

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. १९८३ साली कारकून म्हणून लागलो आणि कारकून म्हणूनच निवृत्त झालो. कुणाला नोकरीवर घेण्याचा अधिकार मला कधी नव्हता. पण हाताखाली काम करणाऱ्याला साहेब जेवढा दिसतो, तेवढा साहेबाला स्वतःलाही दिसत नाही. शाखा तीच, माणसं तीच, पण एका साहेबाच्या काळात सगळे हसत कामाला यायचे आणि दुसऱ्याच्या काळात तीच माणसं एकमेकांच्या चुका टिपून ठेवायची. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं. शिवाय या प्रश्नाची एक जुनी गाठ माझ्या मनात आहे. ती आज वाचकांपुढे सोडतो.

१९९४ ची गोष्ट. तालुक्याच्या गावची शाखा. आमचा कॅशियर तिशीतला, शांत, देवभोळा, सगळ्यांना मदत करणारा. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही आणि संध्याकाळी दोघांनी रोकड मोजून वहीवर सह्या केल्याशिवाय बंद होत नाही. अधिकारी तीन आठवडे रजेवर गेले आणि त्यांच्या जागी मला बसवलं. दुसरी किल्ली माझ्याकडे आली.

पहिले दोन दिवस मी मोजलं. तिसऱ्या दिवशी माझी शेवटची एस.टी. चुकत होती. तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी मोजलंय." मी सही केली. पुढे तसाच पाठ पडला. मनात म्हणायचो, एवढा सज्जन माणूस, त्याच्यासमोर नोटा मोजत बसणं बरं दिसत नाही. पंधरवड्यानंतर अचानक तपासणी आली आणि रोकड सात हजारांनी कमी भरली. त्याच्या वडिलांना तालुक्याच्या दवाखान्यातून मोठ्या शहरात हलवलं होतं. त्याची नोकरी गेली. माझी एक वेतनवाढ थांबली. लोक मला म्हणाले, "तू काय करणार, त्यानं विश्वासघात केला." मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो.

पुढे दहा-बारा वर्षांनी तो मला नृसिंहवाडीला दर्शनाच्या रांगेत भेटला. तोच पुढे होऊन बोलला. किराणा दुकानात हिशेब लिहितो म्हणाला. निघताना सहज बोलावं तसं म्हणाला, "पहिल्या दिवशी पाचशेच उचलले होते. पगार झाला की ठेवणार होतो. त्या संध्याकाळी तुम्ही मोजलं असतंत तर तिथंच थांबलो असतो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण घाटाच्या पायऱ्या उतरताना माझे पाय जड झाले होते.

त्यानं केलं ते चूकच, त्यात वाद नाही. ज्यांचे पैसे होते ते गोरगरीब खातेदार होते. पण माझा विश्वास म्हणजे तरी काय होतं? एस.टी. गाठायची घाई आणि मोजण्याचा आळस. त्याला मी विश्वास असं चांगलं नाव दिलं होतं. म्हणून पुतण्याला मी म्हटलं, "विश्वासाचा माणूस शोधणं हे तुझं अर्धंच काम. मिळालेला माणूस विश्वासाचा राहील अशी जागा करणं हे दुसरं अर्धं. आणि ते जास्त अवघड आहे."

आता पहिलं अर्धं, म्हणजे निवड. आमच्या वेळी बँकेत भरतीची लेखी परीक्षा असे. त्यात वशिला चालत नसे, हा मोठा गुण. माझ्यासारखा शेतकऱ्याचा मुलगा त्यामुळेच खुर्चीवर बसला. पण गुणांवरून माणसाची बेरीज-वजाबाकी कळते, स्वभाव कळत नाही. म्हणून सहा महिने उमेदवारीचे असत. दुकानदारानंही तसंच करावं. दहा मिनिटांच्या गोड बोलण्यावर माणूस घेऊ नये. आठ-पंधरा दिवस कामावर ठेवावा, आणि त्या दिवसांचे पैसे द्यावेत. तो गिऱ्हाइकाशी कसा बोलतो यापेक्षा हमालाशी आणि चहा आणणाऱ्या पोराशी कसा बोलतो ते पाहावं. आधीच्या मालकाला भेटून विचारावं. आणि मुख्य म्हणजे त्याला विचारावं, "तुझी मोठी चूक कोणती झाली होती?" चूक सांगू शकणारा माणूस उद्या तुमच्याकडची चूकही सांगेल.

"मग नात्यातला घेतला तर?" पुतण्यानं विचारलं. नात्यातला माणूस वाईट असतो असं नाही. पण ज्याला तुम्ही चूक दाखवू शकत नाही, ज्याचा हिशेब मागितला तर घरात अबोला धरला जातो, त्याला गल्ल्यावर बसवू नये. ते त्याच्याही हिताचं नाही.

आपण दत्तभक्त अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा ऐकत आलो. त्यात पृथ्वी आहे, समुद्र आहे, मधमाशी आहे, बाण करणारा कारागीरही आहे. अवधूतानं कारागिराकडून एकाग्रता घेतली, त्याच्याकडे समुद्राची खोली मागितली नाही. माणसं घेताना हे ध्यानात ठेवावं. एकाच माणसात सगळे गुण शोधणाऱ्याला एकही माणूस मिळत नाही.

औदुंबरला जाणाऱ्यांना भिलवडीच्या शेजारचं किर्लोस्करवाडी स्टेशन माहीत आहे. १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथं कारखाना उभा केला. त्यांनी जमवलेली माणसं बघा. शाळा अर्धवट सोडलेला एक जण यंत्रांत डोकं चालवणारा निघाला. मॅट्रिक नापास झालेल्यानं व्यवस्थापन सांभाळलं. आणि पहाऱ्यावर ठेवली ती दरोडेखोर म्हणून शिक्का बसलेली माणसं. लोकांनी ज्यांच्यापासून कुलपं लावली, त्यांच्याच हाती लक्ष्मणरावांनी राखण दिली आणि ती त्यांनी राखली. माणूस काय होता याइतकंच आपण त्याला काय काम देतो, कसं वागवतो, यावरही तो पुढे काय होईल ते ठरतं.

आता दुसरं अर्धं. इथं दोन उदाहरणं माझ्या धंद्यातलीच देतो. लंडनची बेअरिंग्ज बँक १७६२ साली सुरू झालेली. १९९५ साली ती बुडाली. तिच्या सिंगापूरच्या कार्यालयात निक लीसन नावाचा तरुण सौदेही करत होता आणि त्या सौद्यांचा हिशेब मिटवण्याचं कामही त्याच्याच हाती होतं. तोटा त्यानं एका खात्यात लपवत नेला. तो ८२ कोटी ७० लाख पौंडांवर गेला आणि एवढी जुनी बँक शेवटी एका पौंडाला विकली गेली. वरच्यांना तो फार हुशार वाटत होता. त्यांनीही मोजलं नाही, माझ्यासारखंच.

दुसरं उदाहरण उलटं आहे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत एकेका ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ योजना घालायचा आग्रह होता. रोजचं टार्गेट पुरं झालं नाही की बोलणी. नोकऱ्यांच्या भीतीनं कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. २०१६ साली बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलर दंड झाला, तोवर सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेले होते. ते सगळे जन्मतः लबाड होते काय? एवढी लबाड माणसं एकाच बँकेनं वेचून घेतली असतील, असं मला तरी वाटत नाही. खरं सांगितलं तर नोकरी जाते, खोटं केलं तर टिकते, अशी जागा वरच्यांनी करून ठेवली होती.

म्हणजे मोहात एकटं सोडणं आणि भीतीत कोंडणं, दोन्हींनी चांगला माणूस बिघडतो. मालकानं दोन्ही टाळावं.

पुतण्या म्हणाला, "पण काका, रोज मोजत बसलो तर माणसं म्हणतील यांचा आमच्यावर विश्वास नाही." मी त्याला आपल्या देवळाचं उदाहरण दिलं. दानपेटी उघडताना विश्वस्त, पुजारी, चार भक्त समोर बसतात. सगळे मिळून मोजतात, कागदावर सह्या होतात. त्यात पुजाऱ्याचा अपमान होतो का? उलट दुसऱ्या दिवशी कुणी बोट दाखवू शकत नाही. एकट्यालाच तपासलं तर तो संशय, सगळ्यांना एका नियमानं तपासलं तर ते संरक्षण.

मात्र त्या 'सगळ्यांत' मालकही हवा. बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी शिकवतात की धंदा वेगळा, मालक वेगळा. मालकानं घरखर्चाला पैसे घेतले तर ती उचल, आणि ती वहीत लिहायची. पण किती दुकानदार लिहितात? गल्ल्यातून मूठभर नोटा काढून खिशात घालणारा मालक पोरगा रोज बघतो. गल्ल्याचे पैसे न लिहिता नेता येतात हे तो मालकाकडूनच शिकतो.

काही मालक नव्या पोराची परीक्षा म्हणून मुद्दाम नोट पाडून ठेवतात. मला हे पटत नाही. भुकेल्यासमोर ताट ठेवून हात लावतो का बघायचं, ही परीक्षा नव्हे. ज्याचा आपण पगार देतो, त्याला पाडण्यासाठी खड्डा खणणं हे पापच म्हणावं लागेल.

त्यापेक्षा अडचण सांगायला दार उघडं ठेवावं. पगार घर चालेल इतका आणि ठरल्या तारखेला. घरी आजारपण आलं तर आगाऊ रक्कम मिळेल आणि तिची चर्चा दुकानभर होणार नाही, एवढी खात्री. आमच्या कॅशियरलाही आगाऊ रक्कम मागता आली असती. पण आदल्याच महिन्यात एकानं मागितली होती, तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची टर उडवली होती. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मीही हसलो होतो. तो मात्र हसला होता की नाही, ते आता आठवत नाही.

पुतण्यानं दिवाळीनंतर तीन माणसं घेतली. गल्ला संध्याकाळी दोघं मिळून मोजतात आणि स्वतःची उचल तो लाल शाईनं लिहितो. परवा गल्ल्यावरची मुलगी आपण होऊन म्हणाली, "दादा, आज दोनशे कमी आहेत, माझ्याकडून जास्त परत गेले असतील." त्यानं 'कमी' म्हणून वहीत लिहिलं आणि तिला घरी जाऊ दिलं. फोनवर मला विचारत होता, "बरोबर केलं ना काका?"

मी म्हटलं, बरोबर केलंस. दोनशे रुपये गेले, पण मुलगी खरं बोलली आणि तिला ते महागात पडलं नाही.

या दत्तजयंतीला पादुकांवर डोकं ठेवताना मी त्या कॅशियरसाठी प्रार्थना करणार आहे. आणि थोडी स्वतःसाठीही. आपल्या हाताखाली कुणी असेल, दुकानात, शेतात, घरकामाला, तर एवढंच मागू या, की आपल्या आळसामुळे किंवा धाकामुळे कुणाचं पाऊल वाकडं पडू नये.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥