हद्दीबाहेरचा भाव

२००१ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या १ लाख ११ हजारांच्या घरात होती. २०११ मध्ये ती १ लाख ६ हजार ४४४ भरली. दहा वर्षांत शहर वाढायचे सोडून आटले. साथ आली नव्हती, की धरणाखाली वस्ती गेली नव्हती. मग माणसे गेली कुठे? काही नागपूर-पुण्याला गेली, हे खरेच. पण पुष्कळ जण नुसता रस्ता ओलांडून पलीकडे गेले. सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी: ही कागदावर गावे, डोळ्यांना मात्र शहरच. नगरपरिषदेची हद्द संपली की प्लॉटचा भाव उतरतो, ग्रामपंचायतीचा करही हलका असतो. त्या मोबदल्यात रस्ता, नाली, पथदिवा यांची वाट बघत बसायचे.

म्हणून महानगरात स्वस्त उपनगर कसे शोधावे, हे वर्धेकराला कुणी शिकवायला नको. तो हा धडा घराजवळच गिरवून गेलेला असतो. तरी पुण्यात पोहोचला की विसरतो.

माझ्या भाच्याला पुण्यात खराडीला नोकरी लागली आणि वर्षभरात त्याचा फोन आला, "मामा, वाघोलीत फ्लॅट बघून ठेवला आहे. खराडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो." वाघोलीच का, हे मी विचारले नाही. नागपूर, वर्धा, अमरावतीकडच्या ट्रॅव्हल्स पहाटे नगर रस्त्याने, वाघोलीवरूनच, पुण्यात शिरतात. जिथे पहिल्यांदा बॅग घेऊन उतरलो, मित्राच्या खोलीवर पहिली आंघोळ केली, त्याच्याच आसपास आपल्याकडचा माणूस घर शोधतो. गावाकडे तोंड असलेली शहराची बाजू त्याला आपली वाटते. यात हिशेबापेक्षा धीर मिळण्याचा भाग मोठा, आणि मला तो अजिबात हास्यास्पद वाटत नाही. रात्री-बेरात्री आईला बरे नसल्याचा फोन आला तर कोणत्या चौकातून गाडी मिळेल, हे माहीत असणे ही घराची एक सोयच आहे. फक्त ती सोय विकणाऱ्यालाही ठाऊक असते.

पण भाव कमी का, हा प्रश्न उरतोच. वाघोली पुणे महापालिकेत आली ती ३० जून २०२१ रोजी, २३ गावांच्या समावेशात. त्याआधी कित्येक वर्षे तिथे इमारती ग्रामपंचायतीच्या अंगावर उठत होत्या. लोकसंख्या शहराची, पाणीयोजना गावाची. उरलेली तहान टँकरने भागवायची. हद्दवाढ झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येते असे नाही. कराचे बिल मात्र जलवाहिनीच्या आधी पोहोचू शकते. २०१७ मध्ये समाविष्ट झालेल्या ११ गावांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे पुढे महापालिकेतून बाहेर पडून वेगळ्या नगरपरिषदेकडे गेली. मिळकतकर भरायचा, सोयी मात्र नाहीत, ही तिथल्या लोकांची मुख्य तक्रार होती. स्वस्त घर घेणारा बहुधा या मधल्या काळात राहायला जातो, जेव्हा जुना कारभारी निघून गेलेला असतो आणि नवा अजून पोहोचलेला नसतो.

चौरस फुटाच्या भावात जी सूट मिळते, ती या काळाची किंमत असते. बिल्डर ती स्वतःच्या खिशातून देत नाही. पुढची दहा-पंधरा वर्षे आपण टँकरच्या वर्गणीतून, मणक्यांतून आणि मुलांच्या शाळेच्या बसमधून ती परत करत राहतो.

नागपूरचे उदाहरण तर आपल्या अगदी दारातले. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेले सुधार प्रन्यास असताना याच शहरात शेतजमिनीवर, अकृषक परवानगीशिवाय, गृहनिर्माण संस्थांनी लेआउट पाडले. त्यांच्या संख्याच आता मोहल्ल्यांच्या नावासारख्या झाल्या आहेत: '५७२' मधला प्लॉट, '१९००' मधला प्लॉट. २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा आला. १ जानेवारी २००१ ही त्याची मूळ मर्यादा होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर वाचले, हे मान्य करायलाच हवे. पण त्याबरोबर एक शिकवणही रुजली, की आधी घ्या, पुढे कधीतरी 'आरएल', म्हणजे नियमितीकरणाचे पत्र, मिळेलच. बेसा, बेलतरोडी, पिपळा या वर्धेकरांच्या आवडत्या पट्ट्यातही ग्राहक आजसुद्धा मेट्रो किती लांब आहे हे आधी विचारतो. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागायचे त्याला नंतर सुचते, कधी कधी रजिस्ट्री झाल्यावर.

उपनगर निवडताना लोक घराची किंमत आणि प्रवास वेगवेगळ्या वह्यांत मांडतात. शिकागोतल्या एका संस्थेने दोन्ही एकत्र मोजायची पद्धत रूढ केली: घर आणि प्रवास मिळून खर्च उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असेल, तरच ती जागा परवडणारी. आपल्याकडे तिसरी वहीही लागेल, वेळेची. जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास जादा लागत असेल, तर महिन्याच्या २५ दिवसांप्रमाणे वर्षाला ४५० तास होतात, म्हणजे आठ तासांचे ५६ दिवस. आणि हे एकट्या कमावत्याचे झाले. घरात दिवसभर राहणारी बायको, गावाहून आलेले आई-वडील यांना त्या उपनगरात पायी जाऊन काय मिळते, याची नोंद कोणत्याच वहीत नसते. रविवारी गाडीतून जाऊन फ्लॅट पसंत करतात ते बहुधा पुरुष. सोमवारी दुपारी तिथे कोण असणार आहे, ते त्या गाडीत मागच्या सीटवर बसलेले असते.

वर्धेकराजवळ आणखी एक पर्याय आहे, आणि तो कोणत्याही जाहिरातीत छापला जात नाही: न जाण्याचा. वर्धा-नागपूर रेल्वेने ७९ किलोमीटर. पास काढून 'अप-डाऊन' करण्यात नोकरीची अख्खी हयात घालवलेली माणसे इथे आळीआळीत सापडतील. त्यांच्या दृष्टीने वर्धा हेच नागपूरचे उपनगर: स्वतःचे घर, अंगणात विहीर, संध्याकाळी ओळखीचा चहा. पण या उपनगराचाही मालक दुसराच असतो. कोविडकाळात मासिक पास बंद झाले, तेव्हा ते कळले. नागपूर-वर्धा ब्रॉडगेज मेट्रोची चर्चा २०१८ पासून ऐकतो आहोत. फलाटावरची मंडळी तिच्याविषयी पावसाविषयी बोलावे तशी बोलतात.

इंग्लंडमध्ये १८८३ साली स्वस्त गाड्यांचा कायदा झाला. कामगारांसाठी सकाळ-संध्याकाळ कमी भाड्याच्या गाड्या चालवणे रेल्वे कंपन्यांना भाग पडले, आणि लंडनच्या कोंदट वस्तीतून कामकऱ्याला बाहेर राहायला जाता आले. तिथे उपनगर परवडले ते आधी गाडी परवडली म्हणून. आपण प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्रपणे, कर्ज काढून, एकट्याच्या अकलेवर हा प्रश्न सोडवायला लावतो, आणि चुकला तर 'नीट चौकशी करायला नको होती का' असे वर म्हणतो. मीही भाच्याला जवळपास तेच म्हणालो होतो.

शेवटी एवढेच सांगितले, की बयाना देण्याआधी मे महिन्यात एकदा जा, रविवार सोडून, आणि फाटकासमोरच्या टपरीवर दोन तास बस. तो गेला. दोन तासांत सात टँकर मोजले. मग वॉचमनशी बोलायला लागला. बोलण्यावरून माणूस आपल्याकडचा वाटला, म्हणून गाव विचारले, तर तो पुलगावचा निघाला. सोसायटीच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत बायको-पोरांसह राहत होता.

"तुम्हाला पाण्याचं कसं पडतं?" भाच्याने विचारले.

"आमाले फुकटच भेटते न भाऊ," तो म्हणाला. "टँकर गळत राहते, खाली बकेट लावून देतो."