लिमिट कोणी ठरवायची?

सातारा

चि. ओंकार,

तू गाडी घेतलीस हे ताईकडून कळलं. मनापासून आनंद झाला. पण त्याच फोनवर तिने आणखी एक गोष्ट सांगितली. शनिवारी मित्रांबरोबर बसणं होतं आणि रात्री सगळ्यांना घरी सोडायला गाडी तूच चालवतोस. तिने विचारलं तेव्हा म्हणालास, "दोन बियरने काय होतंय? मला माझी लिमिट कळते." हे पत्र तुझ्या या शेवटच्या वाक्यासाठी आहे. मी आयुष्यभर कोर्टात वकिली केली. आपल्या कायद्याने या वाक्यावरचा विश्वास कसा काढून घेतला, ते तुला माहीत असायला हवं.

1939 च्या मूळ मोटार वाहन कायद्यातही दारू पिऊन गाडी चालवणं गुन्हाच होता. पण त्यासाठी चालकाला गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता, हे सिद्ध करावं लागे. आकडा कुठलाच नव्हता. मग पुरावा काय, तर डॉक्टरांचा दाखला: तोंडाला वास, डोळे लाल, जीभ जड, चाल डळमळीत. आता उलटतपासणी कशी होईल बघ. वास औषधाचा असू शकतो ना, डॉक्टर? अपघाताच्या धक्क्यानेही पाय लटपटतात ना? डॉक्टर "शक्य आहे" म्हणाले, की संशयाचा फायदा आरोपीला.

1988 चा नवा कायदा दुसऱ्या टोकाला होता. त्याच्या मूळ कलम 185 प्रमाणे रक्तात दारूचा अंश सापडला, मग तो कितीही थोडा असो, तरी गुन्हा. 1994 च्या दुरुस्तीने आजची मर्यादा आली: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, तीही तेव्हा ब्रेथ ॲनालायझरच्या चाचणीत. ब्रिटनने 1967 मध्ये मर्यादा घातली तेव्हा ती 80 ठेवली होती. आपली तिच्या निम्म्याहूनही कमी आहे. आता हवालदार नळी पुढे करतो, तू फुंकतोस, पडद्यावर आकडा येतो. तुला कसं वाटतंय, हे कोणी विचारत नाही. आणि ते योग्यच आहे. दारू आधी माणसाचा अंदाज बिघडवते, आणि लिमिट ओळखायची असते ती त्याच अंदाजाने.

काळाचा हिशेबही मनाशी पक्का कर. यकृत हा आकडा साधारणपणे तासाला पंधराएक मिलिग्रॅमनेच उतरवतं. रात्री बाराला आकडा 100 असेल, तर तो 30 वर यायला पहाटेचे साडेचार-पाच वाजतात. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी तो लवकर उतरत नाही.

आता कार्टर रोडचं ऐक. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याला फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालक तुझ्यासारखाच तरुण होता आणि तो प्यायलेला होता. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा मानून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं दिली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली आणि ती अपुरी असल्याचंही म्हटलं. पिऊन चाक हातात घेतलं आणि माणसं गेली, तर "अपघात झाला" एवढं म्हणून सुटका होतेच असं नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं.

कोणी जखमी झालं नाही तरी कलम 185 आहेच. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलास तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. आणि तुझ्या मित्रांनाही कलम 188 वाचून दाखव: या गुन्ह्याला जो चिथावणी देतो किंवा साथ देतो, त्यालाही तीच शिक्षा. "चालव रे, काही होत नाही" म्हणणाराही त्यात अडकू शकतो.

म्हणून सांगतो ते नीट ऐक. निर्णय पहिल्या घोटाच्या आधी, घरातून निघतानाच घ्यायचा. प्यायची असेल तर गाडी घरीच ठेव आणि येता-जाता रिक्षा कर. गाडी न्यायची असेल तर त्या रात्री तू एक थेंबही घ्यायचा नाहीस. 30 हा आकडा पोलिसांसाठी आहे; तुझा आकडा शून्य. दुसरा कोणी पिऊन चावी उचलायला लागला, तर ती काढून घे. तो चिडेल, चारचौघांत तुला बोलेलही. ऐकून घे, पण चावी देऊ नकोस आणि त्याच्या शेजारी बसूही नकोस. उद्या त्याच्या आईसमोर उभं राहण्यापेक्षा आज त्याच्या शिव्या खाल्लेल्या बऱ्या.

तू शहाणा आहेस, म्हणूनच एवढं लिहिलं. येत्या शनिवारच्या आत हे पत्र मित्रांनाही दाखव, आणि काय ठरवलंस ते मला फोन करून सांग. ताईला नमस्कार.

तुझा,
अण्णामामा