वाद्य आपले केव्हा होते?

इंदुराहून मुंबईकडे जाणारा जुना आग्रा रस्ता महू मागे टाकून मानपुरास येतो, तेव्हा माळव्याचे पठार संपत आलेले असते. पुढे विंध्याचा घाट, घाटाखाली निमाड, आणि नर्मदाकाठी अहिल्याबाईंचे महेश्वर. ह्या वाटेने पिढ्यान् पिढ्या माणसे गेली-आली. त्यांच्याबरोबर भाषा आल्या, कुलदैवते आली, आणि वाद्येही आली. एका कार्तिकी एकादशीस आम्ही मानपुरात एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. त्यांच्या घरालगत लहानसे विठ्ठलमंदिर आहे. सायंकाळी तेथे भजन होते आणि इंदूर-महूकडील वीस-पंचवीस मराठी मंडळी जमली होती. पखवाज, टाळ, वीणा आणि पेटी अशी नेहमीची बैठक मांडली होती.

मंडळी स्थिरस्थावर होत असता सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा हातात मँडोलिन घेऊन आला व पेटीवाल्यांच्या मागे अंग चोरून बसला. पखवाजावर बसलेल्या वृद्ध गृहस्थांचे तिकडे लक्ष गेले. ते शांतपणेच म्हणाले, “बाळ, ते बाहेर ठेवून ये. देवापुढे आपली वाद्येच बरी.” मुलगा “बरं, आजोबा” म्हणाला, वाद्य घेऊन उठला, आणि पुन्हा आत आला नाही. सबंध भजन त्याने पायरीवर बसून ऐकले. कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. पाहुण्याने यजमानाच्या घरी मत देऊ नये, असे आम्ही मनाशी म्हटले. परंतु आरतीच्या वेळी आमची दृष्टी पेटीवर गेली, आणि आपण केवळ संकोचाने नव्हे, तर विचाराच्या आळसाने गप्प बसलो, हे आमच्या ध्यानात आले. कारण ‘आपले वाद्य’ म्हणजे कोणते, ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हतेच.

त्या वृद्ध गृहस्थांस हसणे सोपे आहे. ते आम्ही करणार नाही. देऊळ म्हणजे रंगमंच नव्हे. तेथे जे जे नवे येईल ते ते आत घ्यावयाचे ठरविले, तर थोड्याच दिवसांत देवापुढे काय चालले आहे हे देवासही कळणार नाही. उंबरठ्यावर कोणीतरी उभे राहून ‘थांब’ म्हणणे अवश्य असते. प्रश्न एवढाच की, थांबविणाऱ्याने कोणते माप हातात धरावे?

पहिले माप जन्माचे. वाद्य आपल्या भूमीत जन्मले असेल तर आपले, नाही तर परके. हे माप पेटीला लावून पाहावे. हार्मोनियम हे वाद्य युरोपातले. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याला आकार आला. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर ते इकडे आले, कलकत्त्यास त्याला हाताच्या भात्याचे रूप मिळाले, आणि मराठी रंगभूमीने त्याला असे उचलून धरले की आज पेटीवाचून भजन म्हटले तर मंडळींस चुकल्यासारखे वाटते. तिचा प्रवेश विनाविरोध झाला असेही नाही. तिचे सूर बांधलेले, श्रुतींचे सूक्ष्म भेद तिला दाखविता येत नाहीत, मींड तर नाहीच, ह्या आक्षेपांवरून १९४० साली नभोवाणीने तिला बंदी केली. ती बंदी १९७१ साली, आणि तीही काही मर्यादा ठेवून, सैल झाली.

आक्षेप खोटे होते काय? मुळीच नव्हते. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीही नाही, हे आजही तितकेच खरे आहे. मग तिला आपली कोणी केली? फोंडे तालुक्यातील बोरीचे तुळशीदास बोरकर हे नाव गोमंतकीय वाचकांस सांगावयास नको. १९३४ साली जन्मलेल्या ह्या वादकाने पी. मधुकर ह्यांच्याकडे पेटीचे शिक्षण घेतले, आयुष्य तिच्यावर वेचले, २०१६ साली पद्मश्री घेतली, आणि २०१८ साली देह ठेवला. त्यांच्या पेटीत मींड नव्हती. ती कोणाच्याच पेटीत नसते. परंतु भाता किती दाबावा, सूर कोठे सोडावा, कणस्वर कसा लावावा, ह्या विवेकाने त्यांनी कानाला मींडीचा प्रत्यय दिला. वाद्याची उणीव त्यांनी झाकली नाही. तिच्याशी जन्मभर झुंज घेतली.

आता उलट बाजूने पाहू. घुमट तर निःसंशय आपला. चतुर्थीच्या आरतीत तो घुमला नाही तर गोमंतकीय घरात सण झाल्यासारखा वाटत नाही, आणि तोच घुमट ख्रिस्ती बांधवांच्या मांड्यातही वाजतो. त्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत असत. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा १९७२ साली झाला आणि ते कातडे वर्ज्य ठरले. आता बकऱ्याचे कातडे बसवितात. नाद थोडा बदलला, हे जुने वाजविणारे सांगतात. तरी घुमटास कोणी परका म्हटले नाही. २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसावाद्य म्हणून जाहीर केले. म्हणजे जन्म परका असून वाद्य आपले होते, आणि अंगावरचे कातडे बदलूनही आपले राहते. जन्माचे माप येथेच मोडले.

तर मग मँडोलिनचे काय? ह्या वाद्याचे माहेर इटली. चार जोड्या मिळून आठ तारा, त्या आखूड व ताठ. पडदे पक्के बसविलेले. सतारीची तार पडद्यावर आडवी ओढून चार-पाच स्वरांची मींड घेता येते. मँडोलिनची जोडतार तशी ओढू गेल्यास बोट सोलते आणि तार तुटते. शिवाय नाद क्षणात विरतो. म्हणून पाश्चात्त्य वादक एकाच स्वरावर जवा भराभर फिरवून तो लांबविल्याचा आभास निर्माण करतात. आलापास लागणारे दोन्ही गुण, लांब सूर आणि जोडलेला सूर, ह्या वाद्याने जन्मतःच नाकारलेले आहेत. आमचे वृद्ध गृहस्थ मोठे संगीतज्ञ असते, तर त्यांनी हेच कारण दिले असते.

आणि तरीही ह्याच माळव्यात, सीतामऊ येथे, १९१७ साली एक मूल जन्मास आले. सज्जाद हुसेन हे त्याचे नाव. वडिलांनी त्यास सतार शिकविली. पुढे मुंबईस जाऊन त्यांनी थोड्याच चित्रपटांना संगीत दिले. १९५२ चा ‘संगदिल’ व १९६३ चा ‘रुस्तम सोहराब’ जाणत्यांस आठवतात. परंतु जाणते लोक त्यांस विशेष मानतात ते मँडोलिनसाठी. त्या हट्टी वाद्यावर त्यांनी राग वाजविला. झटके देणाऱ्या त्या तारांतून मींड आणि गमक काढली. त्यासाठी त्यांनी रागाचे नियम सैल केले नाहीत. ‘ह्या वाद्यावर इतकेच होते’ असे म्हणून कोमल स्वराचे आंदोलन गाळले नाही. जे वाद्य देत नव्हते, ते त्यांनी आपल्या बोटांकडून वसूल केले. १९९५ साली ते वारले.

दक्षिणेत हीच गोष्ट पुढे गेली. आंध्रातील पालकोल येथे १९६९ साली जन्मलेले यू. श्रीनिवास वयाच्या नवव्या वर्षी गुडिवाड्यास त्यागराजांच्या आराधनेत मँडोलिन घेऊन बसले. कर्नाटक संगीतातील वडीलधाऱ्यांपैकी अनेकांच्या भुवया वर गेल्या. श्रीनिवासांनी वाद वाढविला नाही. जोडतारा काढून पाच एकेरी तारा बसविल्या, विजेच्या साहाय्याने नाद लांबविला, आणि गमकास जागा करून घेतली. २०१४ साली अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले, तेव्हा ‘मँडोलिन’ हा शब्द त्यांच्या नावाचाच भाग होऊन बसला होता. वाद्यात बदल झाला, त्यागराजांच्या कृतीत झाला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

येथे आमच्या गोमंतकीय वाचकांस आणखी एका दूरदेशीचे उदाहरण सांगावेसे वाटते. ब्राझीलवरही पोर्तुगिजांचे राज्य होते; ते आमच्यापेक्षा पुष्कळ आधी, १८२२ सालीच, त्यांतून सुटले. तेथे रिओ द जानेरो शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक वाद्यसंगीत निपजले. पोल्का आणि वॉल्ट्झ ही युरोपातील नृत्ये. त्यांच्यात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांची लय मिसळली. बासरी, गिटार आणि गिटारचेच एक लहान भावंड अशी वाद्ये जमली. त्या संगीतास ‘शोरो’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत ह्या शब्दाचा अर्थ रुदन असा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर नव्या चालींच्या लाटेत हे संगीत जुनाट ठरू लागले. त्या वेळी ते उचलून धरणारा माणूस म्हणजे जाकोब दो बांदोलिम, अर्थात ‘मँडोलिनवाला जाकोब’. १९१८ साली जन्मलेला हा थोर वादक पोटासाठी न्यायालयात कारकुनी करीत असे. त्याने नव्या रचना केल्या आणि मँडोलिनला शोरोत मुख्य गायकाचे स्थान मिळवून दिले. त्याचबरोबर जुन्या वादकांच्या विस्मृतीत गेलेल्या रचनांची कागदपत्रे तो जन्मभर गोळा करीत राहिला. १९६९ साली तो वारला; पुढे त्या संग्रहास रिओच्या संग्रहालयात स्थान मिळाले. आज त्याच परंपरेतील आमिल्तों दि ओलांदा हा वादक आठ तारांस आणखी दोन जोडून दहा तारांचे मँडोलिन वाजवितो, आणि जाकोबच्या रचनांवर तितक्याच प्रेमाने बोटे ठेवतो.

ह्या सर्व उदाहरणांतून आम्हास एक माप हाती आल्यासारखे वाटते. वाद्य कोठे जन्मले हे विचारू नये. कोण कोणापुढे वाकले हे विचारावे. वादकाने परंपरेचा अवघड भाग गाळून ती वाद्याच्या सोयीस बसविली, तर ते वाद्य पन्नास वर्षे देवळात राहिले तरी परकेच. उलट परंपरेचा भार वाद्यावर आणि स्वतःच्या बोटांवर घेतला, तर ते कालच आलेले असले तरी आपले. आणि भार घेणे म्हणजे केवळ चपळ हात नव्हेत. भराभर वाजविणे हे मँडोलिनला फार सोपे. संथ वाजविणे कठीण. जो सोपे टाकून कठीण पत्करतो तोच नूतनीकरण करतो. दुसरा केवळ टाळ्या घेतो.

ह्यावर कोणी म्हणेल, पेटीने आपल्या गाण्याचे काही नुकसान केलेच की! बांधलेल्या सुरांची सवय लागून गायकांचे कान बोथट झाले, ही तक्रार आजही ऐकू येते. ती आम्ही नाकारीत नाही. प्रत्येक स्वीकारात थोडी हानी असते, आणि ती नाही असे भासविणे हा अप्रामाणिकपणा होय. परंतु दार बंद ठेवण्यातही हानी आहे. ती दिसत नाही एवढेच. कारण जो आत आलाच नाही त्याचे वाजविणे कोणी ऐकलेले नसते.

देवळापुरते आणखी एक माप लागते. सभेत वादक श्रोत्यांसाठी वाजवितो; भजनात तो नामासाठी वाजवितो. तेथे तान गौण, ठेका गौण, गळाही गौण. म्हणून भजनाच्या बैठकीस येणाऱ्याने, मग त्याच्या हाती पखवाज असो की मँडोलिन, मागे राहण्याची तयारी ठेवून यावे. आम्हास आठवते, तो मुलगा पेटीवाल्यांच्या मागेच बसला होता.

रात्री फराळानंतर आम्ही त्या वृद्ध गृहस्थांजवळ बसलो. इंदुरास होळकरांच्या आश्रयास राहिलेल्या नाना पानशांच्या परंपरेचा त्यांस मोठा अभिमान. मूळचे वाईकडील नाना पखवाज घेऊन इंदुरास स्थिरावले, आणि बोलांच्या निकासास त्यांनी अधिक सुगम वळण दिले, असे ते रंगून सांगत होते. आम्ही विचारले, “अण्णा, नानांनी वळण बदलले तेव्हा जुन्या लोकांस ते रुचले असेल काय?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “रुचले नसेल. पण नानांचे त्यांनी ऐकून घेतले असेल.” आणि पुन्हा थांबून म्हणाले, “मी त्या पोराचे ऐकले नाही, हे खरे.”

ह्याहून अधिक काही ते बोलले नाहीत, आणि आम्हीही त्यांस बोलते केले नाही. कारण तो दोष त्यांच्याइतकाच आमचाही होता. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसास ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे, परंतु तो ऐकून घेतल्यानंतरचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलास बोलावून विचारले, तेव्हा कळले की भजनातल्या चाली तो वर्षभर घरी बसवीत होता. एक चाल तर त्याला अजून साधली नव्हती, कारण तीत लांब सूर होते. अण्णांनी त्यास ती चाल गाऊन दाखविली. मुलाने दोनदा चुकीची वाजविली, तिसऱ्यांदाही पुरी बरोबर नव्हती. अण्णा म्हणाले, “सूर तुटतो आहे. आषाढीपर्यंत जोडून आण.”

मुलाने मान हलविली. आषाढीस आम्ही पुन्हा मानपुरास जाणार आहोत.