त्याने आपल्यामध्ये तंबू ठोकला

शब्द देही झाला असे सांगून संत योहानाने पुढे जे ग्रीक क्रियापद योजिले आहे (योहान १:१४), त्याच्या पोटात ‘तंबू’ हा शब्द दडलेला आहे. मराठीत आपण ‘वस्ती’ म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु कापडातून शिरणारा वारा, शेजाऱ्याचा कानी पडणारा आवाज आणि अरण्यात इस्राएलाबरोबर मुक्काम हलविणारा निवासमंडप हे सारे भाषांतरात मागे राहते.

मागे राहिलेला हा अर्थ काँक्रीटमध्ये पाहावयाचा असेल, तर मुंबईत दादरचे साल्व्हेशन चर्च पाहावे. लोक त्याला ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतात. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ मध्ये स्थापिलेल्या या चर्चची आजची वास्तू १९७४ ते १९७७ या काळात चार्ल्स कोरिया यांनी उभारली. एकच लांबट दालन आणि टोकाला दूरची वेदी, ही रचना त्यांनी सोडून दिली. काही जागा छताखाली, काही उघड्या आभाळाखाली. अंगणातून उपासनेच्या जागेत सहज जाता यावे अशी मांडणी. वरच्या उंच काँक्रीटच्या टोप्यांतून तापलेली हवा निघून जाते. छतातील काचेवरील चित्रे एम. एफ. हुसेन यांची. भाविकांनी उपासनेत प्रेक्षक राहू नये, असे १९६३ मध्ये द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीविषयी सांगितले होते. येथे ते भिंतींनी ऐकलेले दिसते.

“हे चर्चसारखे वाटत नाही,” असे म्हणणारे भाविक आजही भेटतात. त्यांची हळहळ खरी आहे. ज्या वास्तूत आईवडिलांचे विवाह झाले, ती गेल्याचे दुःख वास्तुशास्त्राने शमत नाही. पण ‘चर्चसारखे’ म्हणजे कशासारखे? चर्चच्या टोकदार कमानी युरोपमधून आल्या. आरंभीचे ख्रिस्ती तर घरांत भाकर मोडीत होते. ज्या ग्रीक शब्दासाठी आपण ‘ख्रिस्तसभा’ म्हणतो, त्याचा मूळ अर्थ जमलेली माणसे असाच आहे, इमारत नव्हे. परात्पर देव हातांनी बांधलेल्या घरांत राहत नाही, असे स्तेफनाने बजावले तेव्हा त्याला धोंडमार झाला, हेही विसरू नये.

अंगणात रस्त्याचा गोंगाट येतो, प्रार्थनेत व्यत्यय होतो, हा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. दादरचा गोखले रस्ता काय किंवा दिल्लीच्या करोल बागेतील अजमल खान रस्ता काय, बाजार कोणाच्या ध्यानासाठी थांबत नाही. मात्र तंबूतही तसेच होते. योहानाने ते क्रियापद निवडले, तेव्हा त्याच्यापुढे ‘मंदिर’ हा शब्दही होताच.